मोठीबाई हिरव्यात आल्या

मोठीबाईंना किळस अशी कशाची यायचीच नाही. बाळंतपणातलं रक्तपाणी, गळवातला पू, दारू पिऊन आलेल्याची ओकारी, आठ दिवस न सोडलेल्या पट्टीखालच्या अळ्या, हे सगळं त्या तांदूळ निवडावेत तितक्या शांतपणे निस्तरायच्या आणि हात धुऊन डब्यातला भात खायला बसायच्या. पण कुणी कुणाच्या अंगावरून बोललं, 'कशी म्हैस झाली पाहा' किंवा 'नुसती काडी आहे' असं काही, की त्यांचं तोंड कडू व्हायचं. त्या उठून खिडकीशी जायच्या आणि बाहेर थुंकायच्या. म्हणायच्या, "जखमेची घाण धुता येते. या बोलण्याची कशी धुवाव?"

मी दोन हजार चारच्या उन्हाळ्यात आरोग्यसेवक म्हणून तिथे रुजू झालो. गोंदिया जिल्ह्यातलं, इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या बाजूचं गाव, तीन खोल्यांचं आरोग्य केंद्र, दोन नर्सबाया. नुकतीच लागलेली ती लहानीबाई आणि या मोठीबाई. नाव पडलं होतं नोकरीच्या वर्षांवरून, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते अंगावरूनच पडलं असं वाटे. रुंद खांदे, जाड मनगटं, गाडीच्या कण्यासारख्या पिंढऱ्या. खुर्चीत बसल्या की खुर्ची दिसायची नाही. मला मात्र त्या 'बाबू' म्हणायच्या, आणि पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पाहून घे बाबू एकदा मन भरून. मंग रोज पाहू नको." मी कानकोंडा झालो, कारण मी खरंच पाहत होतो.

त्यांच्याकडे नऊ गावं होती. पुरुषांची दांडीवाली सायकल होती, तिच्यावर लशींची पेटी बांधून त्या निघायच्या. जिथे सायकल चालायची नाही तिथे ती झाडाला टेकवून धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवरून चालत जायच्या. वीतभर रुंद बांध, दोन्ही बाजूंना खाचरातला चिखल, आणि त्यावरून ही एवढी बाई तोल न जाऊ देता झपझप जाते आहे. मी पंचविशीतला, सडपातळ. तरी मागून धापा टाकत यायचो. "काऊन रे, दम लागून राहिला का?" असं त्या मागे न पाहता विचारायच्या. त्यांना माझा श्वास ऐकू यायचा.

छप्पनला दीक्षा घेतलेल्या शेतमजुराची ही मुलगी. आई बिड्या वळायची. बापाने शिक म्हटलं आणि त्या शिकल्या. लहानपणापासून अंगाने अशाच. शाळेत पोरी म्हणायच्या, हिच्या घरचा सगळा भात हीच खाते. एकदा औषधांच्या खोलीत गोळ्या मोजता मोजता त्यांनी हे सांगितलं, आणि हसून म्हणाल्या, "भातच नव्हता बाबू घरी. मी खाऊ काय?" मीही हसलो. त्या वाक्यात हसण्यासारखं काही नाही, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

माणूस तपासायची त्यांची एक रीत होती. आधी हात हातात घ्यायच्या, नखं पाहायच्या, मग डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायच्या, मग पायाच्या नळीवर अंगठा दाबून ठेवायच्या आणि बोट उचलल्यावर खळगा राहतो का ते पाहायच्या. कमरेला सुतळी लावून गाठ मारायच्या आणि तीच सुतळी सहा महिन्यांनी पुन्हा लावायच्या. "पोट वाढून राहिलं न हातपाय सुकून राहिले, त मले भेव वाटते," म्हणायच्या. बायांना विचारायचा प्रश्न तर ठरलेलाच. "धानाचा भारा डोईवर घेऊन घरी येतानी किती जागी थांबते?" मागच्या कापणीला न थांबणारी बाई या कापणीला दोनदा थांबायला लागली, की मोठीबाई तिला सोडत नसत. तिचं अंग जाड का बारीक, याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं.

याचा अर्थ त्या काट्याच्या वैरी होत्या असा नाही. लहान लेकरांची वजनं त्या महिन्याच्या महिन्याला घ्यायच्या, आणि मी काट्याचा काटा शून्यावर आणायला विसरलो की सगळ्यांसमोर झापायच्या. म्हणून तो रंगीत तक्ता आला तेव्हा त्यांनी तो आधी नीट वाचला. बीएमआयचा तक्ता. वजन किलोत घ्यायचं, उंची मीटरमध्ये, उंचीला उंचीने गुणायचं आणि त्या गुणाकाराने वजनाला भागायचं. उत्तर येईल त्याप्रमाणे पिवळा, हिरवा, लाल. पिवळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे निरोगी, लाल म्हणजे लठ्ठ. त्यांनी दोन दिवस येणाऱ्या प्रत्येकाचा हिशोब कागदावर करून पाहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "खोटं नाई बोलत ते बाबू. पन अर्धंच बोलते. पोत्यात धान आहे का कोंडा आहे, का कोन्या चोरानं पानी मारून वजन वाढवलं, काट्याले काय समजते? त्यासाठी पोत्यात हात घालाव लागते." आमच्या जिल्ह्यात धानाचा व्यापार कळणाऱ्या माणसाला याहून सोपं करून सांगता येणार नाही. तक्ता त्यांनी भिंतीवर लावला. आदेशच होता.

दोन-चार वर्षांनी आमच्या केंद्रात तपासणीचं मोठं शिबिर झालं. मंडप, माईक, खुर्च्या. वरून एक डॉक्टरसाहेब आले होते. तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात हुशार. लोकांना तक्ता समजावून सांगायला त्यांना उदाहरण हवं होतं, आणि त्यांची नजर मोठीबाईंवर पडली. "या सिस्टर, तुम्हीच आधी या. दिव्याखाली अंधार नको," ते माईकवर म्हणाले. मोठीबाई काट्यावर चढल्या. वजन, उंची, भागाकार, सगळं माईकवर. आकडा तेहतीसच्या घरात गेला. "घ्या! आरोग्य खातंच लाल रंगात!" साहेब म्हणाले. मंडप हसला. शे-दीडशे माणसं. त्यातली निम्मी त्यांच्याच हातावर जन्मलेली नाहीतर त्यांच्याच हातच्या सुया घेतलेली. माझ्या हातात नोंदवही होती, आणि मीसुद्धा हसलो. ते हसू आजही आठवलं की मला स्वतःच्या तोंडाची घाण येते.

मोठीबाई खाली उतरल्या, चपला घातल्या आणि माईक नसतानाही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, नऊ गावं आहेत माह्याकडे. सायकलनं फिरते. एक दिवस कॅरिअरवर बसा, मंग सांगा मी लाल का हिरवी." मंडप आणखी हसला, साहेबही हसले, आणि रांग पुढे सरकली.

त्या रांगेत सेवंता होती. बिड्या वळणारी, तिशीची, दोन लेकरांची आई. तिचं वजन मी घेतलं, भागाकार मी केला. एकवीस आणि वर काहीतरी. तक्त्याच्या अगदी मधोमध. मी तिला हिरवी चिठ्ठी दिली आणि म्हणालो, "एकदम चांगली तब्येत." ती खूश होऊन चपला घालायला वाकली. तेवढ्यात मोठीबाईंचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. चपलेचा पट्टा पावलात रुतल्याची खूण होती, कणकेत बोट रुतावं तशी. त्यांनी तिला तिथेच बाकावर बसवलं, नळीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

"डोळे कधीपासून सुजून राहिले तुहे?"

"सकाळी सुजते बाई. दुपारी उतरते. कामानं होत असन."

"लघवीले फेस येते का?"

सेवंता लाजली, मग होकाराची मान हलवली.

मोठीबाई तिला हाताला धरून साहेबांसमोर घेऊन गेल्या. साहेबांनी चिठ्ठी पाहिली. "नॉर्मल आहे ही. हिच्यापेक्षा तुमचीच काळजी घ्या सिस्टर."

"साहेब, हे मांस नोहे, पानी आहे. एक डाव बोट लावून पाहा."

"रांग केवढी आहे पाहताय ना?" साहेब म्हणाले. बोट काही त्यांनी लावलं नाही. फक्त एक बोट लावायचं होतं.

मोठीबाईंनी वाद घातला नाही. केंद्राच्या जीपमध्ये सेवंताला बसवलं, ड्रायव्हरला शिबिराच्या जेवणावरून उठवलं आणि तिला घेऊन गोंदियाला गेल्या. मूत्रपिंडाचा आजार निघाला. अंगात साठलेल्या पाण्याने तिचं वजन तक्त्याच्या बरोबर मधोमध नेऊन ठेवलं होतं. महिनाभर ती दवाखान्यात होती. पाणी उतरलं तेव्हा खाली जी बाई उरली ती पाहून तिचा नवरा दारातच थबकला. पण ती जगली, घरी आली, पुन्हा बिड्या वळायला लागली. मी मोठीबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "हजार मानसांचा अंदाज घ्याले बरं आहे ते गणित. पन बाबू, आपल्यापुढं हजार कुठं बसते? एकच बसते." त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. राग धरायला त्यांना वेळच नसायचा.

आता पुढचं. हे लिहायला मला आवडत नाही.

दुसऱ्यांसाठी जीप पळवणारी ही बाई स्वतःसाठी कधी भांडली नाही. दोन हजार अकराच्या पावसाळ्यात त्यांच्या पोटात, बरगडीच्या खाली, दुखायला लागलं. पाठीत निघायचं ते दुखणं. जेवण कमी झालं. त्या गोंदियाला एका डॉक्टरकडे गेल्या. त्याने वजन करायला लावलं आणि ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. महिन्याने दुसऱ्याकडे गेल्या. तिसऱ्या वेळी मी बरोबर होतो. सकाळच्या गाडीने गेलो, दोन तास बाकावर बसलो. आत गेल्यावर डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, पायांपासून डोक्यापर्यंत, आणि पेन उचललं.

"पेट में दर्द है, साहेब. पीठ में जाता है," मोठीबाई म्हणाल्या.

"दर्द तो होगा ना बाई. इतना वजन लेके घूमोगे तो पेट क्या करेगा? पहले दस-बारा किलो कम करो. फिर आओ."

त्यांनी पोटाला हात लावला नाही. टेबलाच्या पलीकडून उठलेसुद्धा नाहीत. मी काही बोलणार होतो, तर मोठीबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. बाहेर आल्यावर मी चिडून म्हणालो, "बाई, सेवंतासाठी तुम्ही साहेबांशी भिडलात. इथं काऊन गप्प बसलात?"

त्या रिक्षा शोधत होत्या. तसंच पाहत म्हणाल्या, "स्वतासाठी बोलाले लाज वाटते रे. वाटते, म्हनतीन, खाते म्हनून दुखते. लहानपनापासून तेच आयकली ना मी." मग म्हणाल्या, "चाल, गाडी चुकन."

त्यानंतर त्यांचं वजन उतरायला लागलं. आधी हळूहळू, मग झपाट्याने. गालांची हाडं वर आली, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. ब्लाउजला त्या दोन्ही बाजूंनी पिना लावायच्या. आणि लोक, सगळे लोक, त्यांचं कौतुक करायला लागले. "बाई, काय करून राहिल्या, आम्हालेही सांगा." "दहा वर्षांनी लहान दिसता जी." लहानीबाईने तर रोज सकाळी गरम पाण्यात काय घेता म्हणून विचारलं. आणि मी? मी त्यांच्याबरोबर त्या डॉक्टरकडे गेलेला, दुखणं ठाऊक असलेला माणूस. मी एके दिवशी म्हणालो, "बाई, डॉक्टरचं ऐकलंत म्हणायचं. मस्त फरक पडला." त्या नुसत्या हसल्या. त्यांच्या डब्यात त्या दिवशी चार घास भात होता, त्यातले दोन त्यांनी कुत्र्याला घातले. तेही मी पाहिलं होतं.

वर्षअखेरच्या सभेत सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. सभेला तेच डॉक्टरसाहेब होते, आता जरा वरच्या खुर्चीवर. मोठीबाई काट्यावर चढल्या. आकडा तेवीस आला. साहेबांना शिबिर आठवत होतं. त्यांनी मोठीबाईंना पुढे बोलावलं, फुलांचा गुच्छ दिला आणि म्हणाले, "मनावर घेतलं की काय होऊ शकतं, ते सिस्टरकडून शिका. लालमधून थेट हिरव्यात!" टाळ्या झाल्या. दवाखान्यात आयुष्य काढलेली पन्नास-साठ माणसं त्या सभेत होती. डॉक्टर होते, नर्सबाया होत्या. काही महिन्यांत जवळजवळ एक तृतीयांश वजन गमावलेली, डोळे पिवळट पडलेली बाई समोर उभी होती, आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. इतकी ओंगळ गोष्ट मी नंतर आयुष्यात पाहिली नाही. त्यांच्या नावापुढे 'निरोगी' असा शिक्का पडला. नोंद माझ्या हातची आहे.

आठ दिवसांनी त्यांनी मला औषधांच्या खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, "बाबू, मले पोटात गाठ लागते. माह्याच हाताले लागते. डोळे पाहा माहे." मी पाहिले. इतके दिवस जणू पाहिलेच नव्हते.

आम्ही नागपूरला गेलो. त्यांची धाकटी बहीण आणि मी. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पोट तपासलं, फोटो काढायला लावले, कागद पाहिले. चांगला माणूस होता, आवाज खाली आणून बोलत होता. स्वादुपिंडाचा कर्करोग. पसरलेला. "एवढं दुखत होतं, तर आधी का नाही आलात?" त्यांनी विचारलं.

 मोठीबाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आली होती ना जी. तीन डाव आली होती गोंदियात. वजन कमी करून या म्हणे. करून आली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. बहीण रडायला लागली. तिला पाणी आणून देताना मोठीबाई मलाच म्हणाल्या, "अरे बाबू, तिले बसव खाली, चक्कर येईन."

शेवटचे तीन महिने त्या अर्जुनीला बहिणीच्या घरी होत्या. मी दर रविवारी जायचो. नऊ गावांतली माणसं यायची. सेवंताही यायची, मुकाट्याने पाय चेपून जायची. कुणी रडलं तर मोठीबाई त्यालाच लेकरांच्या लशीचं विचारायच्या. अंगात काही उरलं नव्हतं. गादीवर पांघरूण टाकलेलं आहे की खाली माणूस आहे, हे लगेच कळायचं नाही.

एका रविवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी म्हणालो, "बाई, मी तुम्हाला मस्त फरक पडला म्हणालो होतो. मला त्या शब्दांची शिसारी येते. मला माफ करा."

 त्यांना झोप लागली असं मला वाटलं. मग डोळे न उघडता म्हणाल्या, "तुहं काय घेऊन बसला. तू एकटाच थोडी म्हनला. मी सांगू का तुले, मले कायची घिन येते?" त्यांनी श्वास घेतला. "मले माहीत होतं. नर्स आहे मी. भूक मेली, वजन उतरून राहिलं, मी समजत नाई का? पन लोकं बारीक झाल्या म्हनत न बाबू... मले बरं वाटे. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कोनी माह्या अंगाले चांगलं म्हनलं होतं. ते चार महिने मी त्याच्यासाठी घालवले."

  त्या पुढच्या शनिवारी त्या गेल्या.

मी अजून त्याच खात्यात आहे. तक्ता आता भिंतीवर नाही, संगणकात आहे. भागाकार तो स्वतःच करतो आणि रंगही तोच देतो. मी आकडे भरतो, भरावेच लागतात. पण कुणाला जाड झालात, बारीक झालात असं मी म्हणत नाही, आणि माझ्यापुढे कुणी कुणाला म्हटलं तर मी उठून खिडकीशी जातो.

मागे शाळेचे एक मास्तर कामासाठी केंद्रात आले. शर्ट खांद्यावरून ओघळलेला, पट्ट्याला नवी भोकं पाडलेली. बाहेरच्या बाकावरची माणसं त्यांना गुपित विचारत होती आणि मास्तर हसत हसत म्हणत होते, सकाळचं फिरणं, दुसरं काय. ते माझ्या टेबलाशी आले तेव्हा मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "गुरुजी, जेवण जाते का?"

ते हसले. मग त्यांचं हसू तोंडावरच थांबलं. त्यांनी मागे वळून बाकाकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून बसले.

"नाई जात," ते हळूच म्हणाले. "दोन महिने झाले. कोनी विचारलंच नाई."